फिल्म पेशंटची

माणसाचा फोटो कुणाच्या मालकीचा? ज्याने काढला त्याच्या, की ज्याचा काढला त्याच्या? घाईने उत्तर देऊ नका. मी दिलं होतं. मी म्हटलं होतं, "चळवळीच्या." विश्रांतवाडीतल्या माझ्या घरमालकीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "एक्स-रे काढलायस कधी?"

"हो. लहानपणी हात मोडला होता."

"फिल्म घरी कुणी नेली? डॉक्टरांनी, की चळवळीने?"

त्या सरकारी दवाखान्यात आयुष्यभर एक्स-रे काढत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी फिल्मचा एक जुना कॅमेरा घेतला आणि माणसांचे बाहेरून फोटो काढायला सुरुवात केली. "इतकी वर्षं लोकांना आतून बघितलं," त्या सांगायच्या. "सगळे सारखेच निघाले. म्हटलं आता बाहेरून बघावं, काही फरक पडतो का."

गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या प्रत्येकाला दुरुस्त करत. "सिस्टर सुई टोचतात. मी फक्त 'हलू नका' म्हणायची." कुणी ऐकत नसे. मी मावशी म्हणायचे, त्याला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही. मला त्या माझ्या नावाने क्वचितच हाक मारत. त्यांच्या लेखी मी 'पत्रक' होते. "पत्रक, दूध आलंय." "पत्रक, तुझी चप्पल जिन्याच्या मधोमध आहे. ती कुणाच्या निषेधार्थ?"

नाव चुकीचं नव्हतं. मी अकोल्याकडची. माझे बाबा जयंतीला आणि मेळाव्यांना सतरंजी अंथरून पुस्तिका विकायला बसायचे आणि मी त्यांच्या मांडीला टेकून वाचत असायचे. 'आवाहन' हा शब्द मला 'आगगाडी'च्या आधी वाचता आला. पुण्यात शिकायला आले तेव्हा चार-पाच जण भेटले आणि आम्ही कामगारांसाठी पत्रकं काढायला लागलो. मावशींची वरची खोली बघायला गेले त्या दिवशी माझ्या पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा डोकावत होता. त्यांनी त्यातलं एक ओढलं, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. "उद्गारचिन्हं फार आहेत," त्या म्हणाल्या. "पण भाडं बुडवणाऱ्यातली वाटत नाहीस." खोली मिळाली.

कॅमेरा घेतला तेव्हा मी बरोबर होते. रविवारचा जुना बाजार. नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, एका पायातले बूट, आणि त्यांच्यामध्ये पालथी पडलेली एक काळी पेटी. पेटीच्या तोंडावर दोन भिंगं, एकाखाली एक. नाव घासून गेलेलं. विकणाऱ्याने ती फडक्याने पुसली आणि म्हणाला, "अँटिक पीस आहे मॅडम. शोकेसमध्ये ठेवा. पाहुणे विचारतील."

"चालतो का?"

"चालवायचा कशाला? अँटिक आहे म्हटलं ना."

"मीपण अँटिक आहे. चालत आलेय इथवर."

त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंगातून आभाळाकडे बघितलं, मग खटका ओढून पेटी कानाशी धरली. एकदा, दोनदा, तीनदा. डॉक्टर छातीला नळी लावतात तशा. "कमी उजेडासाठीचा सावकाश झटका लंगडतोय," त्या म्हणाल्या. "पण जीव आहे." आजूबाजूला चांगले, नामांकित, महागडे कॅमेरेही मांडलेले होते. मावशींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी येताना मी विचारलं की हाच का. त्या म्हणाल्या, "याची फिल्म रुंद असते. मोठं करायचं मशीन लागत नाही. फिल्म कागदावर ठेवली, वरून दिवा लावला की तेवढाच फोटो मिळतो, आणि त्यात माणसाचं तोंड ओळखू येतं. गरिबाचं काम याच्यावर होतं." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "आणि तो डोळ्याला लावावा लागत नाही."

ही दुसरी गोष्ट मला नंतर कळली. तो कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा. वरचं झाकण उघडलं की खाली काच दिसते आणि काचेवर समोरचं माणूस उमटतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. बघायचं तर मान खाली घालावी लागते. म्हणजे फोटो काढताना मावशी समोरच्या माणसावर काहीही रोखत नसत. त्याच्यासमोर मान झुकवून उभ्या राहत. आळंदी रस्त्यावरच्या भाजीवालीने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तिला वाटलं की बाई डबा उघडून बसल्यात.

"डब्यात काय आहे, सिस्टर?"

"तुम्ही," मावशी म्हणाल्या.

मला ते झुकणं खटकायचं. मावशींच्या आणि माझ्या, दोन्ही घरांनी एकाच पिढीत बुद्धाची वाट धरलेली. दोन्ही घरांत पहिला धडा एकच होता: मान वर. मी त्यांना तसं म्हटलंही. आमच्या आज्यापणज्यांनी इतकी वर्षं माना खाली घातल्या, आता तुम्ही हौसेने घालताय.

"त्यांनी कुणासमोर घातली?" मावशींनी विचारलं.

"जमीनदारासमोर. पाटलासमोर. साहेबासमोर."

"मी कुणासमोर घातली?"

समोर भाजीवाली होती. पण माझं समाधान झालं नव्हतं, आणि मावशींना ते कळलं होतं. त्या म्हणाल्या, "पत्रक, मान कुठल्या दिशेला आहे यावर भांडू नकोस. ती कुणी खाली घालायला लावली, त्यावर भांड."

त्यांच्या कामाची पद्धत इतकी धिमी होती की मला बघवत नसे. आधी माणसाशी बोलायचं. गाव, काम, पोरंबाळं, गुडघे. गुडघ्यांवर त्या फार वेळ बोलत. मग विचारायचं, "फोटो काढू का?" नाही म्हटलं तर तेवढ्याच आनंदाने पुढे जायचं. हो म्हटलं तर त्याला त्याच्या जागी, त्याच्या कपड्यांत बसवायचं. केस विंचरायचे असतील तर विंचरू द्यायचे. हात दिसायला हवेत, हा एकच हट्ट. आणि मग मान खाली घालून, सवयीच्या आवाजात: "श्वास घ्या. धरा." खटका. "सोडा." माणसं खरोखर श्वास धरून बसत. काही जण 'सोडा' म्हटल्यावर खोकतही.

एका रोलात बारा चौकोन बसतात. या रीतीने बारा माणसं भेटायला कधी कधी महिना जाई. एवढ्या वेळात मी फोनवर शेकडो फोटो काढून टाकलेले असत. "ते कुठे आहेत?" त्या विचारत. फोनमध्ये आहेत, मी सांगे. "आमच्या दवाखान्यात रेकॉर्ड रूम होती. तिथेही सगळं होतं."

रोल धुण्याच्या दिवशी मला नळ सोडायची बंदी असे. जिन्यातून हुकूम येई, "पत्रक, दुपारी पाणी वापरू नकोस. खाली माणसं धुतेय." न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला गोधडी. छत्रीच्या काळ्या कापडाचे दोन थर घेऊन त्यांनी एक पिशवी शिवली होती, तिला बाह्या होत्या आणि बाह्यांना इलॅस्टिक. तिच्यात हात घालून, डोळे मिटून, त्या रोल चकरीवर चढवत. धुऊन झालेली फिल्म ट्यूबलाइटला धरत आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून म्हणत, "हाडं ठीक आहेत. हे ठीक. हे जरा हललेत."

आणि मग खरं काम सुरू होई. फोटो पोचवणं. त्यांच्या मते पोचला नाही तोवर तो फोटो नव्हताच, नुसती फिल्म होती. आळंदी रस्त्यावरच्या कुणाचा तरी फोटो घेऊन त्या हिंजवडीपर्यंत गेल्या, कारण तो वॉचमन होता आणि त्याची बदली झाली होती. न सापडलेल्यांचे फोटो कायम पर्समध्ये. पर्स फुगली की चिडचिड व्हायची. "माणसं साठलीयत." मी वर राहायचे, तरी माझा फोटो द्यायला त्या जिना चढून आल्या, बेल वाजवली, आणि मी दार उघडल्यावर तो माझ्या हातात ठेवला. तळहातात मावेल एवढा चौकोन. पुस्तकांच्या ढिगाशेजारी मी बसलेली. "तोंड मिटलेलं असलं की तू विचारी दिसतेस," त्या म्हणाल्या. "फोटोचा एवढा फायदा आहे."

आता वारज्याचं सांगते.

मावशींच्या भाच्याने वारज्याला एका उंच इमारतीत फ्लॅट बुक केला होता. तो आयटीत. स्वभावाने वाईट नाही, पण त्याच्या बोलण्यात माणसांपेक्षा व्ह्यू जास्त यायचा. एकदा तो मावशींना अर्धवट बांधलेला फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, कॅमेरा आण, आपल्या घराचा पहिला फोटो तुझ्या हातचा. मावशी गेल्या. हॉलमध्ये एक जोडपं गिलावा करत होतं. नवरा भिंतीवर, बायको घमेल्यातून माल देणारी. भाचा बाल्कनीत व्ह्यू बघत उभा राहिला आणि मावशींनी हॉलमध्ये गुडघ्यांवर गप्पा मारल्या. मग विचारून त्या दोघांचा फोटो काढला. आत उजेड कमी, म्हणून पेटी पालथ्या घमेल्यावर ठेवली आणि तो लंगडणारा सावकाश झटका लावला. परत आल्यावर सांगत होत्या, "बाई अगदी पुतळ्यासारखी बसली. त्याला मात्र 'श्वास धरा' म्हटलं आणि तो गाल फुगवून हसायला लागला. हललाच असणार. बघू."

रोलात चार-पाच चौकोन शिल्लक होते, म्हणून तो कॅमेऱ्यातच राहिला.

मग एका सकाळी भाच्याचा फोन आला. मावशी फोन नेहमी स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बोलायच्या. मी चहा घ्यायला खाली आले होते.

"मावशी, पझेशन लांबलं गं."

"का रे?"

"साइटवर ॲक्सिडेंट झाला. एक जण परांचीवरून पडला. गेला. काम बंद ठेवलंय. आता इकडे भाडं, तिकडे हप्ता, दोन्ही चालू."

"कोण गेला?"

"लेबर गं."

"लेबर म्हणजे कोण?"

"मला काय माहीत? त्यांची नावं कुठे माहीत असतात आपल्याला."

मावशींचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. "हसणारा होता का?"

"मावशी, मी मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो."

त्यांनी निवडलेली मेथी तशीच ठेवली. आत जाऊन कॅमेरा आणला आणि खुंटी फिरवून उरलेली फिल्म पुढे सरकवत गेल्या. कोरी. एक चौकोन वाया गेला तर दोन दिवस हळहळणारी बाई. मला म्हणाल्या, "पाणी वापरू नकोस."

मी ते ऐकलं आणि वर जाऊन आमच्या मंडळींना फोन लावला. आमच्यात पत्रकाची मांडणी करणारा एक मित्र होता. त्याला सांगितलं की साइटवर माणूस पडून मेलाय, मावशी गेल्या तेव्हा तिथे पट्टा नव्हता, जाळी नव्हती, आणि कदाचित त्याचा जिवंतपणीचा फोटो आपल्याकडे आहे. तो म्हणाला, "पूर्ण पहिलं पान. वर काही लिहूच नकोस. रविवारच्या सभेत वाटू." माझ्या डोळ्यांपुढे ते पान उभं राहिलं. खोटं कशाला बोलू, ते पान चांगलं होतं. आजही वाटतं.

दुपारी मी न्हाणीघराच्या दारात उभी होते. लाल दिव्याखाली, ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात कागद पडला होता आणि त्यावर चित्र उमटत होतं. आधी भिंत आली. मग घमेल्याची कड, मग बाईचं लुगडं, तिचे हात, थापी घेतलेला त्याचा हात. बाईचा चेहरा असा स्वच्छ की कपाळावरचं गोंदण दिसत होतं. आणि तिच्या शेजारी तो. चेहरा पुसट, जरा पसरलेला. डोळे नीट दिसत नव्हते, पण हसतोय हे कळत होतं. मावशींनी फिल्म उजेडाला धरली. हाडांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मी विचारलं, "मला एक प्रत मिळेल?"

"आधी गेलेला तो हाच की दुसरा, ते कळू दे. असला तर आधी तिच्या हातात. मग तुझ्या पत्रकाचं बघू."

"मावशी, रविवारच्या आत छापायचंय."

"मग उद्या लवकर ऊठ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन बस बदलून वारज्याला गेलो. साइटच्या फाटकावर वॉचमनने फोन आमच्या तोंडासमोर धरला. "मॅडम, इकडे बघा. एंट्री आहे."

"हा फोटो मला मिळणार का?" मावशींनी विचारलं.

"ॲपमध्ये जातो तो."

"मग तिथून कुणाला मिळतो?"

वॉचमनला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मावशींनी पर्समधून तो छोटा चौकोन काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो उन्हाकडे वळवला.

"हाच," तो म्हणाला. "सारखा हसायचा." मग त्याने इमारतीमागच्या पत्र्याच्या खोल्या दाखवल्या. "लवकर जा. आज गावाला निघालेत, तेरवीसाठी. वाशीमकडचे आहेत."

खोलीच्या दाराशी बोचकी बांधून ठेवली होती. ती एका बोचक्यावर बसली होती. तिला न्यायला आलेला भाऊ दोरी आवळत होता. पत्र्याला टेकवून एक मोठा फोटो ठेवलेला. आधार कार्डावरचा फोटो झेरॉक्सवाल्याकडून वाढवून घेतलेला. राखाडी ठिपक्यांतून एक माणूस घाबरून बघत होता. तेरवीला हाच ठेवणार होते. दुसरा नव्हता.

मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि चौकोन तिच्या हातात दिला.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही त्या पेटीवाल्या बाई नं?"

"हो. उशीर झाला मला."

"मले वाटलं इसरल्या. लोक फोटू काहाडतेत. आनून कोनी देत नाही." तिने अंगठा फोटोच्या कडेवर ठेवला, चेहऱ्याला लागू न देता. "तुम्ही गेल्यावर थो दिवसभर तुमच्यासारखाच बोले. मी घमेलं उचललं का म्हने, सास घ्या, धरा. खाली ठेवलं का म्हने, सोडा. मी म्हनलं, पुरे झालं आता, मुकादम पाह्यते."

तिचा भाऊ मागे उभा राहून बघत होता. "तोंड नीट नाही आलं," तो म्हणाला.

"असाच व्हता," ती म्हणाली. "एका जागी कवा ऱ्हायला?"

मी खाली बसले आणि आमच्या वऱ्हाडीत तिला सांगितलं की आम्ही कोण आहोत, पत्रक काय असतं, ठेकेदाराने जाळी न लावता माणूस चढवला हे सगळ्या पुण्याला कसं कळायला पाहिजे. मग विचारलं, "ताई, हा फोटो पत्रकावर छापू का?"

"छापा छापा," भाऊ म्हणाला. "मोठा छापा. त्या ठेकेदाराच्या तोंडावर फेका."

मी फोन बाहेर काढला, फोटोचा फोटो घेऊन लगेच पाठवायला. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "पत्रक, तू विचारलंस कुणाला?"

"ताईंना."

"उत्तर कुणाचं आलं?"

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. ती फोटोकडेच बघत होती. आम्ही थांबलो. लांबची बस सुटण्याची वेळ जवळ येत होती, भावाची चुळबुळ चालली होती, आणि मावशी अशा बसल्या होत्या जणू त्यांना संध्याकाळपर्यंत दुसरं कामच नव्हतं.

"ह्याच्यात थो हासून राह्यला," ती अखेर म्हणाली. "तुमच्या कागदावर लोक त्याले पाह्यतीन अन म्हनतीन, हा मेला. मंग मले बी तसंच दिसन. हे एकच हाय माह्यापाशी." तिने मान हलवली. "फोटू नोका छापू. नाव छापा. पुरं, बापाच्या नावासंगं. इथं सारे लेबर लेबरच म्हनतेत. पोलिसाच्या कागदावर बी नाव चुकवलं."

तिने नाव सांगितलं. मी लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं. एक वेलांटी तिने भावाकडून तपासून घेतली.

मावशींनी पर्स उघडली. बटर पेपरमध्ये गुंडाळलेली फिल्मची पट्टी काढली, छोटी कात्री काढली, आणि पट्टीतून तो एक चौकोन कापला. बसच्या पासाचं प्लास्टिकचं पाकीट रिकामं करून त्यात तो सरकवला आणि तिच्या दुसऱ्या हातात दिला.

"ही मूळ फिल्म. हिच्यावरून हवे तेवढे निघतात. गावात कुणाला जमलं नाही तर माझ्याकडे या. आता माझ्याजवळ काही राहिलेलं नाही."

मला वाटलं होतं की मूळ आपल्या घरी राहील. आज नाही म्हणाली, पुढे कधी हो म्हणेल. किंवा निदान ती आपल्याकडे असेल. चळवळीकडे असेल. मावशींनी ती शक्यताच कापून देऊन टाकली होती.

परतीच्या बसमध्ये कर्वेनगर आल्यावर मी बोलले, आणि आवाज चढवून बोलले. समोरच्या सीटवरच्या बाई मागे वळून बघत होत्या. मी म्हटलं, तुम्ही दयाळू आहात, पण दयेने जाळ्या लागत नाहीत. एकेकाचं दुःख असं पाकिटात घालून गावाला पाठवलं की ठेकेदार सुटतो. चित्र बघितल्याशिवाय हे शहर जागं होत नाही. तो फोटो एका बाईचा नव्हता, पुढच्या परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाचा होता.

मावशींनी सगळं ऐकलं. त्या असं मधे न बोलता ऐकायच्या, हेच त्यांच्याशी भांडताना सगळ्यात अवघड होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण तिला न विचारता तिच्या माणसाला कुठेही चढवायचं, हे ठेकेदाराचं करून झालंय."

"मी विचारलं होतं."

"विचारलंस. म्हणून तर मी तुझ्याबरोबर बसलेय, नाहीतर पुढच्या सीटवर जागा होती."

रविवारी पत्रक निघालं. मांडणी करणारा मित्र माझ्यावर चिडला, मग म्हणाला, ठीक आहे, आपल्याकडे एवढा मोठा टाइप तरी आहे. पहिल्या पानावर फक्त त्या माणसाचं नाव. स्वतःचं, बापाचं, आडनाव, गाव. बाकी पान पांढरं. मागच्या बाजूला मागण्या: जाळी, पट्टा, हजेरीपटावर नाव. सभेत पत्रकं हाती घेऊन लोक त्या नावापाशी थांबत होते. एका माणसाने नाव मोठ्याने वाचलं आणि शेजारच्याला म्हणाला, हा तर आपल्या तालुक्यातला. ते दोघं पत्रकाच्या मागच्या बाजूला वळले. फोटो असता तर याहून जास्त लोक थांबले असते का, मला माहीत नाही. पण त्या पानावर त्याला कुणी लेबर म्हणू शकत नव्हतं.

भाच्याचा पुन्हा फोन आला. मेथी नव्हती, या वेळी गवार होती.

"मावशी, तुझ्या भाडेकरूने आमच्या प्रोजेक्टचं नाव खराब केलं."

"तुमच्या प्रोजेक्टला नाव आहे, हे बरंय," मावशी म्हणाल्या आणि शेंगा मोडत राहिल्या.

मी आता कर्वेनगरला राहते. आजही त्या फोटोबद्दल अर्धी मावशींच्या विरुद्ध आहे, आणि हे त्यांना फोनवर सांगते. त्या म्हणतात, उरलेल्या अर्धीला जेवायला पाठव. वाशीमकडची ती बाई एकदा त्यांच्याकडे येऊन गेली. पाकीट घेऊन. सासूसाठी एक प्रत हवी होती. मावशींनी काढून दिली आणि फिल्म परत तिच्या हवाली केली. मी तेव्हा पुण्यातच होते. मावशींनी मला कळवलं नाही, आणि मला वाटतं, बरं केलं. मी पुन्हा विचारलं असतं.

या शहरात कष्टकऱ्यांचे फोटो काही कमी निघत नाहीत. फाटकावर निघतात, लिफ्टपाशी निघतात, हजेरीला निघतात, 'बघा, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी' म्हणून कौतुकानेही निघतात. ते सगळे आपल्याजवळ राहतात. ज्यांचे आहेत त्यांच्या घरी, पत्र्याला टेकवून ठेवायला, एकही जात नाही.

म्हणून हे एक आवाहन, उद्गारचिन्हाशिवाय. तुमच्या फोनमध्ये असा एखादा फोटो असेल. धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा, सोसायटीच्या वॉचमनचा, तुमचं कपाट करून गेलेल्या सुताराचा. तो शोधा. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कागदावर छापून घ्या. ते माणूस जिथे असेल तिथे स्वतः जा आणि हातात द्या. मग विचारा, "हा माझ्याजवळ राहू देऊ का?" उत्तर त्यांचंच येईपर्यंत थांबा. नाही म्हणाले, तर त्यांच्यासमोर तो फोनमधून पुसून टाका.